कोरडे केस

आज सकाळी केस विंचरताना टेबलावरचा कागदाचा एक कपटा उडून कंगव्याला चिकटला. थंडीत असं होतंच. हवा कोरडी असते, केसही कोरडे. कपटा झटकला, पण विज्ञानाच्या बाई आठवल्या आणि तोंड कडू झालं.

आमच्या शाळेत मुलींनी तेल लावून, दोन घट्ट वेण्या घालून यायचा नियम होता. माझी आई गेली आणि तेव्हापासून घरातल्या तेलाच्या बाटलीला कुणी हात लावला नाही. मग बाई रोज प्रार्थनेच्या वेळी मला रांगेबाहेर उभं करायच्या.

पुढे स्थिर विद्युतचा धडा आला. बाईंनी एकेकीच्या केसांवर कंगवा घासून पाहिला, पण कागदाचे कपटे जागचे हलेनात. सगळ्यांचे केस तेलकट. शेवटी बाईंची नजर माझ्यावर आली.

"तू ये गं पुढे."

माझ्या केसांवर घासलेल्या कंगव्याकडे कपटे भराभर उडाले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. "बघा," बाई खुशीत म्हणाल्या, "याला विद्युत क्षेत्र म्हणतात. हात न लावताही ओढ लागते."

हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. डोक्यावरून फिरणारा हात उरला नव्हता, त्याची ओढ मात्र रोज सकाळी लागायची.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला बाईंनी मला पुन्हा रांगेबाहेर काढलं.

"तेल का नाही लावलंस?"

त्या दिवशी प्रयोग नव्हता.