चौबाऱ्यावरच्या चांदण्या

"ब्रश घे आणि चांदण्या काढ," बसण्णा म्हणाले.

मी निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरून उभा होतो. फोटो चौबाऱ्याचा होता. बिदर शहराच्या मधोमध हा जुना गोल बुरूज आहे, वर घड्याळ आहे, आणि चारी बाजूंनी रस्ते येऊन त्याला भिडतात. बुरूज झकास आला होता. पण वरचं आकाश राखेसारखं सपाट होतं. एकही चांदणी नव्हती.

"चौकातले दिवे खातात रे सगळं," बसण्णा म्हणाले. "पंधरा मिनिटं शटर उघडं ठेवलंस. तेवढ्यात दिव्यांचा उजेड आभाळात चढतो. चांदणी कुठून येणार? ठिपके मार आणि देऊन टाक."

बसण्णा आमच्या स्टुडिओचे मालक. घरात कन्नड बोलायचे, गिऱ्हाइकाशी उर्दू आणि माझ्याशी मराठी. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. मैसूर स्टेटचं कर्नाटक होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. लग्नं आणि पासपोर्ट फोटो हे आमचं रोजचं काम. रात्रीचे फोटो काढायचा नाद माझा एकट्याचा. किल्ला, मदरसा, चौबारा, जे दिसेल त्याच्यासमोर मी अंधारात स्टँड लावून बसायचो. बसण्णा म्हणायचे, रोल फुकट घालवायची ही नवी तऱ्हा आहे.

हा फोटो मात्र माझ्या नादापायी काढलेला नव्हता. तो अक्कांनी मागितला होता.

अक्का म्हणजे आमच्या गंगाधर मास्तरांच्या बायको. मी मैलूरहून शाळेला चालत यायचो, आणि दुपारची भाकरी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून खायचो. माझे वडील गवंड्याच्या हाताखाली काम करायचे. आमच्यासारख्या घरातलं पोर मास्तरांच्या चुलीजवळ जेवतं, याची गल्लीत चर्चा व्हायची. अक्कांनी ती कधी कानावर घेतली नाही. मी एसएसएलसी, म्हणजे दहावी, झालो तो त्यांच्या कंदिलाखाली.

त्या कंदिलाचा त्यांना स्वतःला काही उपयोग नव्हता. अक्कांना रातांधळेपणा होता. दिवस मावळला की त्या भिंतीला हात लावून चालायच्या.

मास्तर रिटायर झाले. त्या रविवारी दोघं कायमचे गावाकडं, अफजलपूरला जाणार होते. त्याआधी पंधरा दिवस अक्का एकट्याच भर दुपारी स्टुडिओत आल्या.

"मिलिंदा, चौबाऱ्याचा रातीचा फोटो काढून देशील का? चांदण्यांसकट?"

"देतो की. पण रातीचाच कामून, अक्का?"

"एकोणीस वर्सं त्याच्या शेजारी ऱ्हायले. दिवे लागल्यावर कसा दिसतो, म्हाईत न्हाई." मग एखादं घरातलं काम सांगावं तसं त्या म्हणाल्या, "सोलापूरचा डाक्टर म्हनला, आता दिवसाचं बी हळूहळू जानार. आत्ताच नळीतून बघितल्यावानी दिसायलंय. तवर एकदा बघून घ्यावं म्हनलं."

म्हणजे त्यांना रात्र दिवसा बघायची होती. फोटोशिवाय दुसरा इलाज नव्हता.

आणि मी बसण्णांचं ऐकलं.

याला आमच्या धंद्यात रिटचिंग म्हणतात. निगेटिव्हवर काळा ठिपका मारला की कागदावर तो पांढरा उमटतो. नवरीच्या गालावरचे डाग आम्ही असेच घालवायचो. मी बारीक ब्रश घेतला आणि तासाभरात चाळीसेक चांदण्या काढल्या. प्रिंट सुरेख झाली. गुरुवारी सकाळी ती घेऊन मी अक्कांकडे गेलो.

अक्का अंगणात उन्हाला बसल्या. फोटो डोळ्यांजवळ धरला आणि इकडून तिकडे हळूहळू सरकवत बघू लागल्या. एका वेळी त्यांना त्याचा थोडाच भाग दिसत होता. बुरूज बघितला. घड्याळ बघितलं. मग आकाशात आल्या आणि तिथं खूप वेळ थांबल्या.

"मिलिंदा, ह्यात बाज कुठंय?"

"कुठली बाज?"

"म्हातारीची बाज. चार खुर आन् तीन चोर. तुमी काय सप्तर्षी म्हनता ते." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "आपल्या घरावरनं चौबाऱ्याकडं बघितलं की उत्तर समोर येती. ह्या दिसांत रातच्याला बाज उत्तरेलाच असती. मंग ती हितंच पायजे. माहेरी करजगीला माळवदावर झोपायचो ना आमी. बारा वर्सांची होईस्तोर मला समदं दिसायचं."

काहीतरी थाप मारता आली असती. ढग होते म्हणून सांगता आलं असतं. पण समोर अक्का होत्या.

"अक्का, ह्या चांदण्या मी काढल्यात. ब्रशनं."

त्यांनी पुन्हा एकदा फोटोवरून नजर फिरवली.

"वाटलंच मला. समद्या एकसारख्या हायत. रांगोळीचे ठिपके मांडल्यावानी." मग माझ्याकडे बघून हसल्या. "ऱ्हाऊ दे. चौबारा तर खराय की."

त्यांनी तो फोटो लुगड्याच्या घडीत जपून ठेवला. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

स्टुडिओत परत आलो तेव्हा डोक्यात एकच विचार होता. चौकात दिवे आहेत तोवर चांदण्या येणार नाहीत. म्हणजे लाईट जायला हवी. उन्हाळ्यात आमच्याकडे लाईट रोजच जायची. गाव शिव्या घालायचं. गुरुवारी मी स्टँड लावून मास्तरांच्या दारापुढं रात्री अकरापर्यंत बसलो. लाईट गेली नाही. शुक्रवारीही गेली नाही. एरवी जी रोज जाते, ती नेमकी तेव्हा ठाण मांडून बसली. शनिवारी कॅमेरा मिळणं अवघड होतं. रविवारी सकाळी एक लग्न होतं आणि बसण्णांनी कॅमेरा पुसून कपाटात ठेवला होता. मी तो न विचारता घेतला.

साडेआठला लाईट गेली.

चौक काळा झाला. मी वर बघितलं. बुरुजाच्या डोक्यावर, घड्याळाच्या जरा वर, बाज होती. चार खुर, तीन चोर, अगदी अक्कांनी बोट ठेवलं होतं तिथं.

पण अंधार टिकेना. पानवाल्यानं गॅसबत्ती पेटवायला घेतली. मी धावत जाऊन त्याला थांबवलं. अक्कांचं नाव सांगितल्यावर तो ओट्यावर बसून राहिला. समोर रहीमचाचांचं शिंप्याचं दुकान होतं. ते मशीनवर कंदील ठेवून शेरवानी शिवत होते.

"चाचा, अर्धा घंटा कंदील बंद ठेवता?"

"नक्को बेटा. सुबह निकाह है." त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"मास्तरांच्या अक्कांसाठी फोटो काढायलोय. त्यांना चांदण्या बघायच्यात. उद्या जायलेत ते."

चाचांचं मशीन थांबलं. "वो बाई? जिनको रात को नै दिखता?"

"व्हय."

त्यांनी कंदील उचलला आणि आतल्या खोलीत जाऊन दार ओढून घेतलं. दाराला फट होती. तिच्यातून उजेडाची एक बारीक पट्टी बुरुजाच्या अंगावर पडली. तेवढी मला हवीच होती. नाहीतर बुरूज नुसता काळा आला असता.

कॅमेऱ्यावर 'बी' नावाची सोय असते. ती लावली की कॅमेऱ्याला जोडलेल्या केबलचं बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं. मी बटण दाबलं, ते तसंच राहावं म्हणून त्याचा स्क्रू आवळला आणि पंचवीस मिनिटं मोजायला सुरुवात केली. या वेळात कॅमेऱ्याला धक्का लागला की सगळं संपतं.

दहा मिनिटं झाली असतील. अंधारातून आवाज आला.

"कॅमेरा कुणाला विचारून आणलास?"

बसण्णा होते. तावातावानं माझ्याकडेच येत होते.

"बसण्णा, थांबा! शटर उघडंय!"

ते एक पाय उचललेला तसाच ठेवून थांबले. मग तो अलगद खाली टेकवला. तीस वर्षं फोटो काढलेला माणूस होता. उघड्या शटरजवळ कसं उभं राहायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

"किती झाली?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"दहा."

"किती करणार?"

"पंचवीस."

"सकाळच्या लग्नाला काय नेऊ, माझं डोकं?" असं म्हणून ते जागच्या जागी उभे राहिले. तेवढ्यात वळणावरून जीपचे दिवे आले. माझ्या हातात घड्याळ आणि बॅटरी होती. मी खिशात लेन्सचं झाकण शोधायला लागलो. तोवर बसण्णांनी डोक्यावरची टोपी काढून लेन्सपुढं धरली, कुठंही स्पर्श न करता. जीप गेली. त्यांनी टोपी हळूच बाजूला घेतली.

"तेवढं मिनिट वाढव," ते म्हणाले.

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून रोल धुतला.

रविवारी सकाळी लॉरी दारात उभी होती. मास्तर दोर आवळत होते. मी प्रिंट वर्तमानपत्रात गुंडाळून नेली. ती अजून ओलसर होती. अक्का उंबऱ्यावर बसल्या आणि उन्हात धरून सरकवत बघू लागल्या. बुरुजावर रहीमचाचांच्या कंदिलाची पट्टी आली होती. खाली एका सायकलच्या दिव्याची वाकडी रेघ होती. आकाशात मात्र ठिपके नव्हतेच. सगळ्या आखूड रेघा होत्या.

"ह्या रेघा कामून आल्यात रे?"

"अक्का, चांदण्या चालतात. आपल्याला कळत न्हाई. कॅमेरा पंचवीस मिनिटं बघत बसला, म्हणून त्या जेवढ्या सरकल्या तेवढी रेघ आली."

त्यांनी बोटानं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. मग पुढच्या तीन. बोट तिथंच राहिलं.

"अय्यो, हे बघा की," त्यांनी मास्तरांना हाक मारली. "आज्जी सांगायची, तीन चोर म्हातारीची बाज ओढून न्यायलेत. मी रोज जागायची बघायला. कधी हललेले दिसले न्हाईत." त्या फोटोकडे बघत राहिल्या. "आत्ता ओढायलेत बघा. सातीच्या साती सरकल्यात."

मास्तर गणित शिकवायचे. ते जवळ आले, वाकून बघितलं, "बरोबर आहे" म्हणाले आणि पुन्हा दोर आवळायला गेले. दोर आधीच घट्ट होता.

पुढं तीन-चार वर्षांनी मास्तरांचं कार्ड आलं. फोटो खिडकीशेजारी लावला आहे, हिला आता दिवसाही काही दिसत नाही, पण शेजारची पोरं आली की काचेवर बरोबर बाजेच्या जागी बोट ठेवून गोष्ट सांगते, असं त्यात होतं. ते कार्ड मी बसण्णांना वाचून दाखवलं. "सायकलची रेघ पुसून द्यायला हवी होती," एवढंच ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

रिटचिंग मी नंतरही पुष्कळ केलं. नवरदेवांच्या पुटकुळ्या घालवल्या, काकांना केस लावून दिले. त्याबद्दल मला काही वाटत नाही. रात्रीच्या फोटोला स्टँड लागतो, केबल लागते आणि धक्का न लावता उभा राहणारा माणूस लागतो. पण त्याच्या आधी, बघणाऱ्याला नक्की काय बघायचं आहे, ते नीट विचारून घ्यावं. मी 'रातीचाच कामून' एवढंच विचारलं होतं, म्हणून एक रोल जास्त लागला.