एक्स्चेंजच्या आत्याबाई

“अवं आदिलाबाद, रडून काऊन राह्यली? सांग ना पोराले सरळ, हे मले नाई जमत म्हणून!”

शनिवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरमधून भजनाऐवजी हा आवाज आला आणि आईचं लाटणं थांबलं. भिंतीपलीकडे आत्याबाई जोरजोरात विचारत होत्या, “हॅलो? हॅलो भैंसा? आवाज काऊन गेला व तुहा?” तो गेलेला आवाज आमच्या पोळपाटाशेजारी बोलत होता. मी धावत जाऊन स्पीकर बंद केला. पण तोवर जे ऐकायचं नव्हतं ते आम्ही दोघींनी ऐकलं होतं.

आदिलाबाद म्हणजे आमच्या शेजारच्या आत्याबाई. भैंसा म्हणजे त्यांची मैत्रीण कमलमावशी. दोघी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, एक इथे आदिलाबादला, दुसरी भैंशाला. त्या काळी ट्रंक कॉल लावायचा तर एका गावच्या ऑपरेटरने दुसऱ्या गावच्या ऑपरेटरला गावाच्याच नावाने हाक मारायची. कापसाच्या दिवसांत जिनिंगवाल्यांचे कॉल सारखे चालत आणि या दोघी दिवसभर एकमेकींच्या कानात असत. नऊ वर्षं त्यांनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. मग एका लग्नाच्या पंगतीत मागून कोणीतरी “इकडं वरण आणा जरा” म्हणालं, आणि आत्याबाई वळूनही न बघता म्हणाल्या, “भैंसा?” ही गोष्ट त्या मला वर्षातून एकदा तरी सांगत, आणि दर वेळी वरणाच्या जागी वेगळा पदार्थ असे.

नात्याने त्या कोणाच्याच आत्या नव्हत्या, पण गल्लीतले सगळे त्यांना आत्याबाई म्हणत. काका गेल्यावर त्या एकट्याच राहत. मुलगा हैदराबादला नोकरीला. आमची आणि त्यांची भिंत एकच. मी शाळेत इंग्रजी, बाजारात हिंदी नाहीतर तेलुगू आणि घरात मराठी बोलत मोठी झाले, त्यामुळे चारही भाषांत गप्प बसायला शिकले. पाहुणे आले की मी गच्चीवर. कोणी नाव विचारलं तरी आईच उत्तर देई. आत्याबाईंनी मला कधीच “काहीतरी बोल ना” असं म्हटलं नाही. उलट आईलाच सांगत, “राहू दे तिले. बोलणारे लय हायेत. लाइन मोकळी ठेवणारं बी एखादं लागते.”

त्यांच्याकडे एक जुना टॅब होता आणि काळे, जाड गादीचे हेडफोन. हेडफोन लावण्याआधी त्या पिन पदराच्या टोकाने पुसत. मग ती टॅबच्या कडेला टेकवून, मान जरा वाकडी करून, आत ढकलत आणि थांबत. “टक आला पाहिजे. टक नाई आला तर जोडलं कोण म्हणते?” मी घाईघाईने वायर ओढून काढली की ओरडत, “डोकं धरून काढ! शेपटीनं ओढाले जनावर हाये का ते?” शाळेत असताना मी त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की या भोकाला जॅक म्हणतात. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग पेन घेऊन, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, एक्स्चेंजचा बोर्ड काढून दाखवला. जॅकच्या ओळीच्या ओळी, खाली कॉर्डी, प्रत्येक कॉर्डीच्या टोकाला प्लग. “हा आमच्या बोर्डाचा नातू व पोरी. बारका झाला, पण चेहरा तोच.”

नोकरीभर त्यांनी डाव्या कानाने ऐकलं होतं. “डावा कान ऑफिसचा, उजवा घरचा,” असं त्यांचं वाटप. पुढे घरचा कान जवळजवळ गेला आणि ऑफिसचा तेवढा राहिला. म्हणून हेडफोन त्या आडवे धरत, डावी गादी आपल्या कानाला आणि उजवी माझ्या. वायर आखूड, त्यामुळे डोकी जवळ आणावी लागत. लॉकडाऊनमध्ये माझे कॉलेजचे तास मी त्यांच्या टॅबवरच ऐकले, असे डोक्याला डोकं लावून. त्या वाटाणे सोलत आणि अर्थशास्त्राचं इंग्रजी लेक्चर पूर्ण ऐकत. शेवटी अभिप्राय देत, “माणूस हुशार हाये, पण श्वासच घेत नाई. असा बोलणारा असला की ट्रंक कॉलचे तीन मिनिटं कवा झाले, ते त्याले बी समजत नाई.”

एकदा नवे हेडफोन घ्यायला आम्ही दोघी बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने सांगितलं की आता नव्या टॅबना जॅक येतच नाही.

“काऊन?” आत्याबाई.

“अम्मा, अब सब वायरलेस है.”

“वायरलेस तो पुलिसवालों के पास रहता है. हमको कौनसा चोर पकडना है?”

दुकानदार हसला. जॅक काढला की टॅब पातळ होतो, हलका होतो, असं त्याने समजावलं. आत्याबाईंनी काउंटरवरचा नवा टॅब हातात घेऊन दोनदा तोलला. “भोक काढलं तर वजन कसं कमी होईन?” त्यांनी मला मराठीत विचारलं. “भोकाले वजन असते का?” मला उत्तर येत होतं, पण दुकानात चार माणसं होती. मी चप्पलेकडे बघत राहिले.

त्यांची एक सवय मला फार उशिरा कळली. त्यांच्या घरी कोणाचाही फोन वाजला, अगदी माझाही, की त्या उठून अंगणात जात. “जोडून दिलं की आपण हटायचं,” म्हणत. एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरला सगळ्यांचं ऐकता येई. कोणाचं लग्न मोडलं, कोणाची सून माहेरी गेली, सगळं. पण त्यांच्या तोंडून गावातली एकही जुनी भानगड मी ऐकली नाही. “ऐकलं ते बोर्डावरच ठेवायचं. पर्समध्ये टाकून घरी नाई आणायचं.” पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मला एक वाक्य धड बोलता आलं नाही, तेव्हा मी त्यांच्याच खोलीत बसून मैत्रिणीशी फोनवर रडले होते. आत्याबाई बाहेर जाऊन तुळशीला पाणी घालत राहिल्या. तुळस बुडायची वेळ आली तरी आत आल्या नाहीत. नंतर आल्या त्या थेट विचारत, “चहात साखर किती टाकू?” आजवर त्यांनी तो विषय काढलेला नाही.

आणि शनिवार. शनिवारी अकरा वाजता भैंसा. त्याआधी वेणी घालणं, साडी बदलणं, खुर्चीत ताठ बसणं, जसं काही ड्यूटीच लागली आहे. मग टक. मग तासभर हसणं. भिंतीतून शब्द येत नसत, फक्त हसणं येई. आईचं कुकर लावण्याचं वेळापत्रक त्यावर चाले.

दिवाळीला दादा, म्हणजे त्यांचा मुलगा, नवा टॅब घेऊन आले. ते चांगले आहेत, हे आधी सांगायला हवं. उन्हाळ्यात हेडफोनची वायर कपाटाच्या कडीत अडकून जुना टॅब पडला होता, कोपऱ्याला तडा गेला होता. “आई, उद्या तीच वायर तुझ्या पायात अडकली तर? गुडघे बघ तुझे.” नव्यात भोकच नाही, त्यामुळे धूळ नाही, पाणी नाही, ओढाताण नाही. यातलं काहीच खोटं नव्हतं. माझ्या स्वतःच्या कानातसुद्धा बिनवायरचेच असतात. आवाज किती छान आहे ते दाखवायला दादांनी आमच्या घरी येऊन तो टॅब आमच्या स्पीकरला बिनवायरचाच जोडून वाजवला. सगळ्यांनी वा वा केलं. जुना टॅब त्यांनी परत जाताना आपल्या लेकीला चित्रं काढायला म्हणून नेला.

सोबत आलेल्या पांढऱ्या इयरफोनांना आत्याबाई बोंडं म्हणत. एक बोंड कानात थांबेच ना. एकदा ते तुरीच्या डाळीत पडलं आणि आम्ही दोघींनी सुपात डाळ पाखडून ते शोधलं. दोन दिवसांनी ती चार्ज करायची आठवण करून दिली, तर म्हणाल्या, “आता कानाले बी जेवू घालायचं का?” हे सगळं मला गमतीचं वाटत होतं. त्यांच्या साध्या मोबाइलवर समोरचा माणूस त्यांना नुसता गुणगुणल्यासारखा ऐकू येई, आणि बोंडातून अर्धं. म्हणजे भैंसाशी तासभर बोलायला त्यांच्याकडे काहीच धड उरलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

मग तो शनिवार. आईने भजनासाठी स्पीकर लावला आणि पलीकडच्या टॅबला दिवाळीची ओळख आठवली; तो आपणहून आमच्या स्पीकरला जोडला गेला.

संध्याकाळी आत्याबाई आमच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

“सकाळी तुमच्याकडं काई वाजलं का?”

“नाही,” मी म्हणाले. आई भांड्यांकडे वळली.

आत्याबाईंनी फळीवरच्या स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तीस वर्षांत माह्या बोर्डावरून कोणाचं बोलणं तिसऱ्याच्या कानात गेलं नाई,” त्या हळूच म्हणाल्या. “आन् आता माह्यंच गेलं.” त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या शनिवारी अकरा वाजता भिंत गप्प. आईने दोनदा घड्याळ पाहिलं. मी बाजारातून एक छोटा जोडतुकडा आणला, बिनजॅकच्या टॅबला वायर लावायचा. आम्ही तो जुन्या हेडफोनला लावून पाहिला. आवाज येत होता, पण टॅब मांडीवर जरा हलला की तुटत होता. टक नव्हता.

“तुटला की आवाज कोणाकडं जाते?” त्यांनी विचारलं.

मी स्पीकरची ओळख पुसायचं वगैरे सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं, हेडफोनची वायर नीट गुंडाळली आणि डब्यात ठेवली. “राहू दे पोरी. भैंसाले निरोप धाडला मी, तब्येत बरी नाई म्हणून. ऐकूच येत नाई म्हटलं, तर ते उद्या पोराले फोन करते. आन् पोरानं इतक्या हौसेनं आणलं. त्याले काऊन दुखवू?”

दुसरा शनिवार गप्प गेला. तिसराही.

त्यानंतर दादा त्यांना कायमचं हैदराबादला न्यायला आले. हे आधीपासून ठरलं होतं आणि आत्याबाईंची ना नव्हती. गुडघ्यांनी पायऱ्या होत नव्हत्या. गाडीत पिशव्या, तुळशीची कुंडी, लोणच्याच्या बरण्या. गल्लीतल्या बायका कुंकू लावायला जमल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे आमच्या दाराच्या आत, अर्धी.

डिकी लावताना दादांनी मलाच गाठलं. “काय गं, तू तर या सगळ्यातली जाणकार. आईचं आधी जॅक, जॅक चाललं होतं. आता कोण ठेवतं सांग जॅक? बघ, झाली ना सवय!”

“झाली, झाली,” गाडीतून आत्याबाई म्हणाल्या. “मस्त हाये बाप्पा.” आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला कळली. ऐकलं ते बोर्डावरच ठेवायचं.

मला वाटलं, त्या स्पीकरबद्दल बोलले तर आत्याबाईंनी जन्मभर पाळलेली एकच गोष्ट मी त्यांच्याच मुलासमोर मोडेन. आणि गप्प राहिले तर ‘भैंसा’ म्हणून हाक मारणारं या जगात कोणी उरणार नाही, आणि ‘आदिलाबाद’ म्हणून हाक मारणारंही. गप्प राहणं मला इतकं सोपं होतं की त्याचीच भीती वाटली. मग ध्यानात आलं: कमलमावशी जे बोलल्या ते मी ऐकायला नको होतं, ते माझं नव्हतंच. पण तीन शनिवार भिंतीतून जे ऐकू आलं नाही, ते माझं होतं. ते सांगायला मला कोणाची मनाई नव्हती.

आज आत्याबाई हैदराबादला आहेत. शनिवारी अकरा ते बारा त्यांची लाइन एंगेज असते, त्यामुळे त्या वेळेत मी फोन लावत नाही. त्या दिवशी मात्र यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. गल्लीतल्या आठ-दहा बायका माझ्याकडे बघत होत्या, माझे कान तापले होते, दादा गाडीचं दार उघडून उत्तराची वाट न बघता बसायला निघाले होते. मी उंबरा ओलांडून बाहेर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

“दादा, सवय झालेली नाही. तीन शनिवार झाले, आत्याबाईंनी भैंशाला फोन केलेला नाही. छोटीला चित्रं काढायला हा नवा द्या, आणि यांचा जॅकवाला यांना परत द्या.”