नाव घेतलं, तेही मोबाईलमधल्याचं

बसा. चहाला आधण ठेवलंय, तोवर सांगते. पण एक अट आहे. मध्ये हसायचं नाही. कधी हसायचं ते मी सांगेन. कारण या गोष्टीत फजिती झाली ती माझी, आणि जीव जात होता तो माझ्या घरच्या माणसाचा. दोन्ही एकाच दुपारी!

मी चौथी शिकलेली बाई. ग्रामसभेत मी उभी राहिले की सरपंच आधी पाणी मागतो. अशी बाई एका बोटाएवढ्या माणसासाठी पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली, असं कुणी सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतं? मीही नसतं मानलं.

ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. कपाशीची पराटी डोक्याच्या वर गेली होती आणि बोंडात अळी पडली होती. जो तो पाठीवर पंप घेऊन फवारत होता. झाड डोक्यापेक्षा उंच म्हणजे औषध अर्धं झाडावर आणि अर्धं आपल्याच तोंडावर. आज या गावचा माणूस यवतमाळला नेला, उद्या त्या गावचा. काही परत आले, काही नाही आले. आम्ही बाया उंबऱ्यात बसून शेताच्या वाटेकडं, पांदणीकडं डोळे लावायचो. कुणी जोरात खोकलं तरी उठून उभ्या राहायचो.

आमची प्रणाली यवतमाळला कॉलेजात होती, शनिवारी यष्टीनं यायची. तिनं बापासाठी हातमोजे आणले, चष्मा आणला, तोंडाची पट्टी आणली. बापानं काय करावं? सगळं खुंटीला टांगून ठेवलं.

"अजी, घाला नं ते," मी म्हटलं.

"मोज्यानं नोझल धरता येत नाही. पट्टीनं दम कोंडते."

"अन् औषधानं कायमचा कोंडला म्हंजे?"

"तू नं, सकाळी सकाळी अशुभ बोलत जाऊ नको. मी काय आजच फवारून राह्यलो का?"

"मंग बोलतच नाही तुमच्याशी. जा!"

आणि खरंच नाही बोलले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, नऊ दिवस! जेवायला वाढायचं ते ताट आपटून. पाणी द्यायचं ते लोटा आपटून. तेही हट्टी, मुकाट जेवायचे आणि पंप उचलून निघायचे.

आता बोलल्याशिवाय राहील ती मी कसली? प्रणालीचा जुना मोबाईल घरी पडला होता. त्यात तिनं मला एक शेतीचा खेळ लावून दिला होता, मन रमावं म्हणून. हॅट घातलेला एक इवलासा माणूस. आपण बोट लावलं की तो नांगरतो, पेरतो, पाणी देतो. त्यात पराटी नव्हती, नुसता मका आणि भोपळे. हा कसला शेतकरी, असं मी आधी म्हटलं होतं. पण माणूस मोठा गुणी! ये म्हटलं की येतो, घरी जा म्हटलं की घरी जातो. त्याच्या डोक्यावर पाच लाल बदाम. दमला की एक एक बदाम विझतो. मग त्याला पाव खायला द्यायचा, झोपवायचं, की सकाळी पुन्हा पाच. बोट लावलं तर हॅट उचलून हसायचा. आमच्या घरच्यानं सत्तावीस वर्षांत माझ्यासमोर टोपी उचलली नाही!

मी त्याच्याशी तोंडभरून बोलायला लागले. "दमला का रे? बस थोडा. नुसता पाव खाऊन कसं होईन तुह्यं?" काच पदरानं पुसायची. उन्हाचं त्याला कामाला लावायची नाही. मोबाईलमध्ये कुठलं आलंय ऊन? पण माझ्या अंगणात होतं ना!

आणि त्याचं नाव? ते पोरीनंच टाकलं होतं. नाव विचारलं तर हसत हसत बापाचं टाकून मोकळी झाली. देविदास.

इथं थांबा, हे समजून घ्या. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मी एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, तेही नणदांनी दार अडवलं म्हणून. त्यानंतर 'अजी', आणि पोरगी झाल्यावर 'प्रणालीचे बाबा'. बाई नवऱ्याच्या नावानं ओरडली तर गल्लीला एकच अर्थ कळतो. माणूस गेला. तेव्हाच बाईचा धरबंध सुटतो.

पण मोबाईलमधल्याला नाव घ्यायला काय हरकत? तो काही माझा नवरा नव्हता. पहिल्या दिवशी जीभ अडखळली. मग सैल झाली. देविदास इकडं ये, देविदास तिकडं जा. खरं सांगू? गोड वाटायचं.

तर ती दुपार. प्रणालीचे बाबा शेतात, मी ओसरीवर भिंतीला टेकून. आणि खेळात माझ्या भोपळ्यांवर अळी आली. एका वेलावर, मग दुसऱ्या. देविदासच्या हातात फवारा दिला. मार! मेली. तिसऱ्यावर आली. मार! त्याचे तीन बदाम उरले, मग दोन. मला दिसत होतं हो. पण भोपळे पिकायला आले होते, डोळ्यांदेखत चालले होते. एवढा एक वेल, मग झोपवते त्याला. एवढा एकच. एक बदाम उरला तरी माझं बोट थांबलं नाही.

आणि तो पडला. तोंडावर पालथा. हॅट बाजूला उडाली.

माझ्या आत काय फाटलं ते मला सांगता येणार नाही. नऊ दिवसांचं सगळं एकदम वर आलं. "देविदास! ऊठ रे! मीच मारलं रे तुले! ऊठ ना रे, देविदास!" गळा काढला. असा काढला की छपराच्या कवेलूवरचे कावळे उडाले.

भिंतीपलीकडं कौसल्या भांडी घासत होती. माझी शेजारीण. बाईनं आत येऊन विचारावं की नाही? नाही! ऐकलं आणि तशीच पळाली, राखेच्या हातानं.

मला काय पत्ता? मी आपली पडलेल्याला उठवत बसले. पाव दिला, उठेना. शेवटी काचेवर लिहून आलं की एक जाहिरात पाहा, उठेल. डोळे पुसत पुसत केसांच्या तेलाची अख्खी जाहिरात पाहिली. आणि उठला हो! हॅट घातली, हसला. माझा जीव भांड्यात पडला. तोंड धुतलं, बाहेर आले, तर गल्लीत चिटपाखरू नाही. म्हटलं, गेले कुठं सगळे?

तिकडं काय झालं ते मागाहून कळलं. कौसल्यानं चौकात सांगितलं, "सुमनचा माणूस फवारणीत पडला!" चौघांनी बाज उचलली. गावात औषधपाण्याचं पाहणाऱ्या आशाताई निघाल्या, त्यांनी सांगून ठेवलेलंच होतं की आधी कपडे काढा, साबणानं धुवा, म्हणून कौसल्यानं बादली आणि साबण घेतला. अर्धं गाव पांदणीनं पळत सुटलं.

प्रणालीच्या बाबांनी पराटीतून डोकं काढून पाहिलं. बाज घेऊन लोक येतात! त्यांना वाटलं, मलाच काही झालं. ते पंपासकट पळत समोर आले. लोकांनी धरलं.

"अरे, काय झालं? सुमनले काय झालं?"

"तिले काही नाही. तुम्ही पडा बाजेवर."

"मी? मले काय झालं?"

"औषध चढलं बाप्पा! बडबडून राह्यला! धरा पाय!"

भर शेतात, विहिरीच्या मोटारीच्या पाण्याखाली, त्यांना पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर आणून साबण लावला. कौसल्यानं स्वतः पाठ घासली. मेलीनं आजवर स्वतःच्या नवऱ्याची घासली नसेल!

थांबा, आत्ता नाही हसायचं.

मी दारात उभी, आणि समोरून बाज येते. बाजेवर माझा माणूस, अंगावर फेस, डोळे लालभडक. ज्याच्यासाठी रडले तो उठून भोपळे तोडत होता. आणि ज्याच्यासाठी नऊ दिवस एक शब्द खर्चला नाही, तो बाजेवर. रडायला गेले तर डोळ्यात पाणीच नाही, सगळं मोबाईलवर सांडून बसले होते.

"काय झालं यायले?" मी कशीबशी बोलले.

कौसल्या तडकली. "आम्हाले काय इचारतं? तूच त नाव घेऊन वरडली!"

"मी... मी त्या मोबाईलमधल्याले म्हणत होती."

मी मोबाईल दाखवला. चौघांनी बाज खाली ठेवली. कुणीतरी म्हणालं, "हात्तीच्या!" आणि जो हशा उठला! बाजेवरचा माणूसही हसला.

फक्त आशाताई हसल्या नाहीत. त्यांनी वाकून प्रणालीच्या बाबांचे डोळे पाहिले, पाठ पाहिली. पंप सकाळपासून पाठीवर गळत होता. शेतात काढलेला सदरा औषधानं चिंब झाला होता आणि पाठ मिरची लागल्यासारखी लाल.

"काका, चक्कर येते?"

"येते थोडी. सकाळपासून."

"मळमळते?"

"दोनदा ओकलो."

"मंग घरी सांगतलं काहून नाही?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही हो. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"कोणाले सांगू? घरात बोलणं बंद होतं."

ऐकलं? मोबाईलमधल्याचे बदाम मी क्षणाक्षणाला मोजत होते. आणि हा माणूस सकाळी चहा अर्धा टाकून उठला, तेव्हा मी कप उचलला आणि आपटला.

काळीपिवळी जीप आली, कौसल्याही चढली, यवतमाळला नेलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटभर बडबडत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. नऊ दिवसांचं बोलून टाकलं. ते मध्येच म्हणायचे, "हळू बोल, डोकं दुखते." मला तेवढंही पुरे होतं.

दवाखान्यात सिस्टरनं कागद पुढं ओढला. "पेशंटचं नाव?"

आणि माझ्या जिभेला पुन्हा कुलूप!

"प्रणालीचे बाबा."

"अहो बाई, नाव सांगा नाव."

मी खाली पाहते, वर पाहते. मागून कौसल्या म्हणाली, "सांग की वं! दुपारी त साऱ्या गावाले आयकवलं!"

स्ट्रेचरवरून आवाज आला, "देविदास लेहा मॅडम. तिले येते नाव घेता, पण त्याच्यासाठी मोबाईलमधी जा लागते."

तिसऱ्या दिवशी घरी आणलं. वाचले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर धुतलं हे बरं केलं. कौसल्या अजून मिरवते, "मीच घासली." मिरवू दे. तिचं तोंड मी या एका गोष्टीवर कधी धरणार नाही.

मग बरे होऊन पुन्हा फवारणीला निघाले, तेव्हा मोजे, चष्मा, पट्टी सगळं हातात घेऊन दारात उभे.

"घाला नं," मी म्हटलं.

"घालतो. आधी नाव घे."

"लाज वाटत नाही का?"

"तुह्या भोपळेवाल्याले वाटली का? त्याले त 'ऊठ रे' म्हणे. मले 'रे' नको, नुसतं नाव घे."

काय करता? घेतलं. भिंतीपलीकडून कौसल्यानं खोकून दाखवलं. तेव्हापासून फवारणीच्या दर सकाळी मी दारात उभी राहून ठणकावून म्हणते, "देविदास, पट्टी!" आणि माणूस मुकाट पट्टी बांधतो. गल्लीतली पोरं घड्याळ लावतात त्याच्यावर.

तुम्ही विचाराल, आणि तो मोबाईलमधला?

आहे ना. सोडते का मी त्याला? पण एका घरात दोन देविदास चालायचे नाहीत म्हणून पोरीकडून त्याचं नाव बदलून घेतलं. आता त्याला मी मोठ्या मानानं हाक मारते:

"अजी, प्रणालीचे बाबा!"

हं. आता हसा.