मॅडमचा लिंब
मार्करचं टोपण उघडलं अन् तो उग्र वास आला की मला वडीगोद्रीतलं आमचं शिबिर आठवतं. गावातल्या बायांनी मोबाइलवर आपल्या गावाचा नकाशा भरायचा होता. घरोघर फिरून बाया मी गोळा केल्या, शाळेची खोली मी मिळवली, मार्करनं तक्ते मी लिहिले, सतरंज्याही मीच झाडल्या. शिकवणारी माझी मैत्रीण जालन्याहून आली ती जेवणाच्या वेळेला. खोलीत उकडतंय म्हणून तिनं सगळ्यांना बाहेर कडुलिंबाखाली बसवलं, आणि बाया तिला अशा चिकटून बसल्या की मला सावलीसुद्धा उरली नाही. संध्याकाळपर्यंत विहीर, हापसा, दवाखाना नकाशावर चढले. शाळेशेजारी एक नवंच ठिकाण दिसलं, 'मॅडमचा लिंब'. "हे कोणी लिहिलं?" मी विचारलं. एक काकू म्हणाल्या, "आम्हीच. आता समदे तसंच म्हणून राह्यले. अन् गावात म्हणतात तेच नाव लिहा, असं तुम्हीच सांगितल्तं का न्हाई?" मी हसले. आजही तो नकाशा उघडला की माझं बोट आधी त्या लिंबावर जातं. पुसायला क्षणही लागणार नाही. पण मग बाया मलाच फोन करतील, मॅडमचा लिंब कुठं गेला म्हणून, आणि लगेच विचारतील, मॅडमला परत कधी आणता.