एका बाजूची वीस मिनिटं

नेवरेकर सरांकडे मी पहिल्यांदा गेलो ते शिकायला नव्हे, मिरवायला. खडवलीच्या लग्नाच्या बँडमध्ये मी सॅक्सोफोन वाजवायचो, आणि हळदीत टाळ्या मिळाल्या की डोक्यात हवा जातेच. ठाकुर्लीच्या त्यांच्या घरी मी दणक्यात दोन गाणी वाजवली. सरांनी ती शांतपणे ऐकली. मग सॅक्सोफोनची एक जुनी परदेशी जॅझ रेकॉर्ड लावली आणि विचारलं, हा माणूस श्वास कुठे घेतो ते सांग. मला एकही जागा सांगता आली नाही.

पुढचं वर्षभर दर रविवारी तेच. वाद्य पेटीतच. एक बाजू ऐकायची आणि श्वासाच्या जागी कागदावर पेन्सिलीने रेघ मारायची. वैताग यायचा, खोटं कशाला बोलू! पण तीस वर्षं झाली, ती रेकॉर्ड मला अजून जुनी वाटत नाही. त्या वादकाला कसली घाई नाही. एक ओळ वाजवून तो थांबतो, श्वास घेतो, आणि तो श्वास स्पष्ट ऐकू येतो. शेजारी कुणी बसलंय असं वाटतं. सरांनी ऑर्केस्ट्रात आयुष्यभर फिल्मी गाणी वाजवली, पण त्या रेकॉर्डमधली एकही जागा स्टेजवर उचलली नाही. ते त्याचं आहे, म्हणायचे.

माझी पत्नी आजारी होती तेव्हा घोडबंदर रोडवरचा माझा क्लास सरांनी दोन महिने चालवला. पासष्टी उलटलेली, तरी लोकलने ठाण्याला आणि तिथून बसने, त्या ट्रॅफिकमधून, मांडीवर सॅक्सोफोनची पेटी घेऊन यायचे. मी आभार मानले तर माझ्यावरच चिडले.

दोन वर्षांपूर्वी सरांची फुप्फुसं कडक होत चालल्याचं निदान झालं. वाजवणं कायमचं बंद. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, आणि त्याच्या घरघरीत रेकॉर्ड ऐकू येईना. मी मोठा शहाणा! पंचाहत्तरीची भेट म्हणून त्या रेकॉर्डची खरखर काढलेली नक्कल कॉम्प्युटरवर करून घेतली, म्हणजे मशीन चालू ठेवून हेडफोनवर ऐकता येईल. खरखरीबरोबर श्वासही गेले, हे माझ्या लक्षातच आलं नाही. सरांच्या मिनिटभरात आलं.

“हा श्वासच घेत नाही रे,” ते म्हणाले. “असला माणूस घेऊन मी काय करू?”

हेडफोन बाजूला ठेवून त्यांनी मशीन बंद केलं, नाकातली नळी काढली आणि मूळ रेकॉर्ड लावली. काकू, सरांच्या पत्नी, दारात उभ्या होत्या. वीस मिनिटांची ती एक बाजू फिरत राहिली. सरांचे ओठ निळे पडत गेले, आणि चेहरा इतका सुखी की मला बघवेना. मी उठून मशीन सुरू करायला हवं होतं. केलं नाही. मीही ऐकत होतो.

त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. पंधरा दिवसांनी काकूंनी ती रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिली. घेऊन जा, माझं ऐकत नाहीत ते, म्हणाल्या. मी घेऊन आलो. लपवणं जमेना, म्हणून फोन करून सरांना सांगितलं.

“उभी ठेव,” एवढंच म्हणाले. “आडवी ठेवलीस तर वाकेल.”

या गौरवग्रंथात जाणकार मंडळी सरांच्या कलेविषयी लिहितीलच. मला एवढंच मागायचं आहे. सर, तुम्हाला पुष्कळ वर्षं मिळोत, आणि ती दम न लागता मिळोत. माझ्यावर रागवा, हवं तर बोलणं टाका. रेकॉर्ड मी परत देणार नाही.