तेहतिसांतला पहिला अनारसा

"भैया, मारो! और मारो! अहो, जावई चालले!" सासरे एवढ्या जोरात ओरडत होते, की कानपूरला निघालेली गाडी लखनौ स्टेशनातच थांबली असावी. रेल्वे कॉलनीतले शेजारी माझ्या पाठीत गुद्दे घालत होते. "हाँ हाँ, हलक में अटका है, निकलेगा!"

मी वाकलेला. पुढ्यात तबक, तबकात वाणाच्या तेहतीस अनारशांतले उरलेले बत्तीस आणि तेवता दिवा. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना. जावयाच्या वाणासाठी सासूबाईंनी तीन दिवस तांदूळ भिजवून, कांडून, गुळात पीठ मुरवलं होतं. त्यातला एक तरी समोर खायचाच, असा आग्रह.

आणि अनारसा घशात नव्हताच! श्वास चालू होता, बोलता येत होतं. तो छातीच्या हाडामागे, पोटाच्या दाराशी ठिय्या देऊन बसला होता. माझं जुनंच दुखणं. घास खाली उतरावा म्हणून मी उभ्यानंच जेवायचो, आणि का, असं कुणी विचारलं की ठोकून द्यायचो, "नवाबाच्या खास हकिमाचा हुकूम आहे."

शेवटी मोरीकडे धावलो. अनारसा गेला तसाच परत आला, खसखशीसकट. आंबट वाससुद्धा नाही. अख्ख्या कॉलनीनं पाहिलं. मान वर करवेना.

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. "पीठ बिघडलं होतं का हो?"

"नाही हो आई, माझी अन्ननलिकाच..."

"घ्या! हकीम झाला, आता नलिका!" सासरे म्हणाले.

विश्वास बसणार तरी कसा? उरलेले अनारसे सासूबाईंनी गाईला घातले आणि पिठाचा डबा घासून पालथा ठेवला. माझ्यापुढे त्या यायच्याच बंद झाल्या.

मग इस्पितळात मला चुन्यासारखं बेरियम पाजून एक्स-रेचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, "घास आपोआप पडत नसतो. अन्ननलिका त्याला लाटेलाटेनं ढकलते, मग खालचा स्नायू सैल होतो. तुमच्यात लाटही नाही अन् स्नायूही उघडत नाही. फुग्यानं ताणावा लागेल."

फोटोत नळी वर दुधीभोपळ्यासारखी फुगलेली, खाली चिमणीच्या चोचीसारखी निमुळती. तो सासूबाईंपुढे खिडकीच्या उजेडात धरला तेव्हा माझे कान तापले होते. उघड्यानं चौकातून फिरणं परवडलं असतं. एकही थाप न मारता सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, ती चोच बराच वेळ न्याहाळली.

"म्हणजे पीठ बरोबर होतं," त्या म्हणाल्या.