दोन मेव्हणे आणि एक प्लायवूड

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. घरातले दोन भाऊ बोलेनासे झाले की ते आपोआप साचत जातात, माळ्यावरच्या रद्दीसारखे. माझे दोन मेव्हणे, दादा आणि बाळू, मुलुंडला एका चाळीत एकाच खोलीत राहतात आणि मध्ये एक प्लायवूड आहे. मी जोगेश्वरीला राहतो, म्हणून अजून शहाणा आहे. ऑफिसात डबा खाताना मी हे सांगतो तेव्हा सगळे पोट धरून हसतात. माझी बायको सुमन, म्हणजे त्या दोघांची एकुलती बहीण, मात्र हसत नाही.

*

आधी हे झालं कसं ते ऐका. दादा गिरणीत होता. त्यानेच बाळूला शिकवलं, भांडुपच्या कारखान्यात चिकटवलं. मग संप झाला, दादा घरी बसला आणि बाळूच्या पगारावर चूल पेटू लागली. कोणाची काही तक्रार नव्हती. एकदा बाळूचे साहेब चहाला आले. मोठे भाऊ काय करतात, असं त्यांनी सहज विचारलं.

"दादा ना? घरीच असतो," बाळू म्हणाला.

खोटं काय होतं त्यात? पण दादा चहाचे कप घेऊन मागेच उभा होता. त्याने साहेबांना चहा दिला, बिस्किटं पुढे केली. आणि पुढच्या रविवारी खोलीच्या मधोमध प्लाय ठोकलं. बाळूही काही कमी नाही. त्याने आपल्या बाजूची खिडकी फोडून वेगळं दार केलं.

*

तेव्हापासून दादाला बाळूशी काही बोलायचं असलं की मी लागतो. एकदा मी दादाकडे बसलो होतो. "भावोजी, त्याला सांगा, नळाचा वायसर गेलाय," दादा म्हणाला. प्लायपलीकडून आवाज आला, "भावोजी, त्याला सांगा, मी कालच आणलाय."

मी वैतागलो. म्हटलं, अहो दादा, मी कशाला सांगू? त्याने ऐकलं ना!

"त्याने ऐकलं असेल," दादा म्हणाला. "मी त्याला सांगितलेलं नाही."

*

टीव्ही बाळूकडे. रविवारी संध्याकाळी पिक्चर लागला की दादाच्या घरची मंडळी प्लायला पाठ टेकून नुसतं ऐकत बसायची. एका रविवारी काहीतरी विनोदी सीन आला आणि दादा पलीकडून मोठ्याने हसला. बाळूच्याही आधी! बाळू उठला आणि त्याने आवाज पूर्ण बंद केला.

आता बाळूकडे मुका पिक्चर आणि दादाकडे तोही नाही. मुलं रडकुंडीला आली. मग थोड्या वेळाने बाळूची बायको, आमची धाकटी वहिनी, भाजी निवडता निवडता मोठ्याने बोलायला लागली. आता हिरो आईच्या पाया पडतोय. आता पोलीस आले.

"कोणाला सांगतेस?" बाळूने विचारलं.

"माझं मलाच," ती म्हणाली. पलीकडे मोठ्या वहिनीने टाळी वाजवली.

*

मध्ये बाळूला कावीळ झाली, चांगलीच झाली. हॉस्पिटलात होता. दादा रोज यायचा आणि खाली कंपाउंडमध्ये बाकावर बसून राहायचा. वर एकदाही आला नाही. माझ्या हातात पेजेचा डबा द्यायचा आणि बजावायचा, कोणी दिलं ते सांगायचं नाही.

बाळूने पहिला घोट घेतला. "मीठ कमी आहे. दादाने केलीय," म्हणाला, आणि डबा चाटूनपुसून संपवला.

सुमनला केवढा आनंद झाला! आता मिटलं, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. मलाही खरंच तसं वाटलं होतं. बाळूला घेऊन घरी आलो तर दादा प्लायला नवे खिळे ठोकत होता. मी विचारलं, हे आत्ता कशाला?

"नाहीतर आभार मानायला येईल," दादा म्हणाला.

त्या दिवशी मी आशा सोडली. सुमनने सोडली नाही.

*

तिचे खरे हाल भाऊबिजेला. पहिल्या वर्षी ती आधी दादाकडे गेली, तर बाळू दाराला कुलूप लावून सासुरवाडीला निघून गेला. दुसऱ्या वर्षी आधी बाळूकडे गेली. दादा पाटावर बसला, टिळा लावून घेतला आणि म्हणाला, "उरलेल्या वातीनं ओवाळतेस का मला?" तिसऱ्या वर्षी तिने दोन ताटं, दोन निरांजनं केली. दुसरं ताट घेऊन मी मागे उभा. तरी आधी कोणाचं, हे उरलंच.

चाळीतल्याच शेजारच्या कमळाबाईंना भाऊ नाही. त्या दरवर्षी गॅलरीत उभ्या राहून चंद्राला ओवाळतात. सुमन दरवर्षी त्यांच्या हातावर करंजी ठेवते आणि परतताना म्हणते, बिचाऱ्या.

*

यंदा सुमनने दोन्ही वहिनींकडून निरोप पाठवला. मी कोणाच्याच घरात येणार नाही. गॅलरीत दोन पाट शेजारी मांडते. एकच ताट, एकच निरांजन. दोघांनी येऊन बसा.

दोन्ही वहिनींनी मिळून पाटांभोवती रांगोळी काढली. दादा दाढी करून, टोपी घालून आपल्या दारात तयार. बाळू नवा शर्ट घालून आपल्या दारात तयार. मला दोघंही दिसत होते.

"भावोजी, त्याला सांगा," दादा म्हणाला, "धाकट्याने येऊन बोलवायचं असतं."

"भावोजी, त्याला सांगा," बाळू म्हणाला, "ज्याने प्लाय ठोकलं त्याने आधी बाहेर यावं."

मी कोणालाच काही सांगितलं नाही. सुमनने सगळं ऐकलं होतं. तिने निरांजनात पुन्हा तूप घातलं आणि वाट पाहत राहिली. ऊन उतरलं. डोंगराच्या वर बीजेची बारीक कोर दिसायला लागली. कमळाबाई आपलं ताट घेऊन बाहेर आल्या आणि गॅलरीच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या.

सुमनने दोन्ही पाटांकडे एकदा पाहिलं. मग पदर सावरला, ताट उचललं आणि दोन्ही दारांवरून चालत कमळाबाईंपाशी गेली.

कमळाबाई थोड्या बाजूला सरकल्या आणि त्यांनी तिला जागा करून दिली.